लावलेल्या नव्हे, जगलेल्या झाडांचा आकडा छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या पावसाळ्यात जिल्ह्यात होणाऱ्या वृक्षलागवडीची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. कोणत्या तालुक्यात किती खड्डे, किती रोपे, कोणत्या शाळा-कॉलेजांची मुले श्रमदानाला येणार, सगळे सविस्तर दिले होते. बातमी चांगली आहे, त्यामागची तळमळही खरी आहे. पण तिच्यात एक आकडा मला सापडला नाही. मागच्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत? त्या एका आकड्यासाठी हे पत्र लिहितो आहे. थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

मी खानापूर तालुक्यातला, घाटमाथ्यावरच्या एका लहान गावचा. आमच्याकडची तरणी पोरे गलाईच्या धंद्यात परमुलखात जातात, तसा मीही १९७९ साली सतराव्या वर्षी मदुराईला गेलो आणि ३५ वर्षे तिथे सोन्या-चांदीची भट्टी चालवली. सोनाराच्या दुकानातला झाडलोटीचा कचरा, तुटके-मोडके दागिने मुशीत घालायचे, सवागी म्हणजे टाकणखार घालायचा, कोळशाच्या धगीवर वितळवायचे आणि तेजाबात शुद्ध करायचे, हा आमचा धंदा. त्या भट्टीला रोज कोळसा लागायचा. तिकडे तो बहुतेक वेड्या बाभळीचा मिळे. खडा हातात घेतला की चांगला कोणता आणि कच्चा कोणता हे मला कळायचे. २०१४ साली गावी परत आलो. एका रात्री अंगणात बसून हिशेब मांडला, की ३५ वर्षांत आपल्या एका भट्टीने किती पोती कोळसा खाल्ला आणि त्यासाठी किती झाडे पडली असतील. हिशेब पुरा झाला नाही, पण त्या रात्री झोपही लागली नाही. झाडांच्या कामात मी पडलो तो असा.

आमचा डोंगर मात्र माझ्या भट्टीच्या आधीच बोडका झाला होता. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई-वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. त्या दोन वर्षांत गायरानावरची आधी वाळली लाकडे गेली, मग ओली गेली, मग नुसते बुडखे राहिले. तोडणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांत माझी आईही होती. चूल पेटायला हवी होती.

आता लागवडीकडे येतो. २०१५ च्या जुलैत एका संस्थेने आमच्या गायरानावर दोन हजार रोपे लावली. सकाळी ट्रक आला, दुपारी भाषणे झाली, फोटो झाले आणि पाच वाजता ट्रक परत गेला. रोपे गुलमोहर आणि निलगिरीची होती, खड्डे वीतभर खोल. पुढे मार्गशीर्षात मी त्यातली काही वाळकी रोपे उपटून पाहिली. कित्येकांची प्लॅस्टिकची पिशवी न काढताच ती मातीत दाबलेली होती. मुळे पिशवीच्या तळाशी गोल गोल वेटोळी घालून बसली होती, चुंबळीसारखी. बाहेर पडायला वाटच मिळाली नव्हती. शिमग्यापर्यंत हिरवे पान शोधून सापडेना. त्या संस्थेच्या मनात खोट होती असे मला वाटत नाही. पण ट्रक गेल्यावर त्या रोपांना कोणी वाली नव्हता. गावालाही ती आपली वाटली नाहीत, कारण गावाला कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून २०१७ च्या हिवाळ्यात, स्वतः काही करायच्या आधी, आम्ही चाळीस जण दोन टेम्पो करून देवराष्ट्र्याला गेलो. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे, पण आम्ही गेलो होतो सागरेश्वरचा डोंगर बघायला. तोही एके काळी आमच्या डोंगरासारखाच उघडा होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना बरोबर घेऊन तिथे झाडे उभी केली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र फक्त १०.८७ चौरस किलोमीटर. आज तिथे सांबर, चितळ, काळवीट आहेत. हरणे कुंपणाबाहेर येऊन पिकात घुसतात, ही आजूबाजूच्या शेतकऱ्यांची तक्रारही आम्ही त्याच दिवशी ऐकली. तीही खरी आहे आणि जंगल करणाऱ्यांनी ती कानाआड करू नये. परतीच्या वाटेवर टेम्पोत सगळे गप्प होते. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी एवढेच म्हणाली, "आपल्याच जिल्ह्यातला डोंगर हाय न्हवं ह्यो?"

खरी परीक्षा पुढे ग्रामसभेत झाली. ४० एकरांचे सगळे गायरान चराईला बंद करायचा ठराव आम्ही मांडला. धनगरवाड्यावरचे तात्या उठले आणि म्हणाले, "माळ बंद केलासा तर माझी ऐंशी मेंढरं तुमच्या सोप्यात बांधू का?" सभेत आरडाओरडा झाला. आमच्यातले काही जण म्हणाले, मेंढरांनीच डोंगर खाल्ला. ठराव त्या दिवशी झाला नाही आणि बरेच झाले, कारण दुसऱ्या दिवशी तात्यांनीच आम्हाला डोंगरावर नेले.

त्या एका सकाळी मी जेवढे शिकलो तेवढे नंतर कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नाही. वरच्या सपाटीवर त्यांनी काठीने माती उकरून दाखवली. बोटभर माती, खाली नुसता मुरूम. "हितं झाड कवाच नव्हतं," ते म्हणाले. "हितं कुसळी आन् पवन्याचं गवातच वाढायचं." सरकारी कागदावर हा माळ पडीक आहे, पण मेंढरे त्याच्यावर जगतात, तित्तर त्याच्यात अंडी घालतात आणि लांडगा अजून रात्री तिथून जातो. मग ते आम्हाला खाली घळीत घेऊन गेले. तिथे दगडांच्या बेचक्यात एक बुडखा होता. आम्ही त्यावर शंभर वेळा बसलो असू. तात्यांनी कमरेची कुऱ्हाड काढली, तिच्या टोकाने साल जराशी खरवडली. आत हिरवे होते. पळसाचा बुडखा, बहात्तर सालापासूनचा, अजून जिवंत. दर पावसाळ्यात त्याला फुटवे येत आणि शेरडे ते दर पावसाळ्यात खात. तसले बुडखे त्या घळीत आणि ओढ्याच्या काठाने आम्ही दुपारपर्यंत मोजले, तेव्हा दोनशेच्या वर भरले. पळस, हिवर, बोर, खैर, धावडा. म्हणजे जंगल मेलेच नव्हते. ते जमिनीखाली वाट बघत होते आणि आम्ही वरून गुलमोहर लावायला निघालो होतो.

पुढच्या ग्रामसभेत ठराव बदलला. वरचा माळ मेंढरांना मोकळा राहिला. खालची १६ एकर घळ आणि ओढ्याची बाजू कुऱ्हाडीला आणि चराईला बंद केली. ठरावाला पहिला हात तात्यांचा वर आला.

२०१८ च्या उन्हाळ्यात श्रमदानाने उतारावर सलग समतल चर खणले. ज्या तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी स्वतः बळीराजा धरण उभे केले, तिथे चर खणायला माणसे कमी पडत नाहीत. पावसाळ्यात १,४०० रोपे लावली. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. करंज, कडुनिंब, चिंच, सीताफळ, बहावा, ओढ्याला जांभूळ आणि उंबर. यातले एकही रोप बाहेरून आणले नाही. गावातल्या बचतगटाच्या अकरा बायकांनी ती दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवली होती. निंबोळी पडली की आठवड्याच्या आत पेरायची, शिळी झाली की उगवत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. बाभळीचे बी मात्र तात्यांच्या वाडग्यातून आले. शेरडांनी शेंगा खाऊन लेंडीवाटे टाकलेले बी लवकर रुजते, ते बायकांनी लेंड्या चाळून वेचले. ग्रामपंचायतीने त्यांना रोपामागे १२ रुपये दिले. त्या पैशात एका घरातल्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची सोय झाली. ही रक्कम मोठी नाही, पण तीच रोपे जिल्ह्याबाहेरच्या नर्सरीतून आणली असती तर तेवढीही गावात राहिली नसती.

पाण्याचे सांगतो. टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी आमच्या तालुक्यात आले, त्याने द्राक्षे, डाळिंबे आणि ऊस झाला. पण ते पाणी डोंगराच्या उतारावर चढत नाही. कुंभाराकडून काठ तुटलेली, विकायला न जाणारी ३०० मडकी आणली. मडक्याच्या बुडाला भोक पाडून कापडाची वात घातली आणि नाजूक रोपांशेजारी ती गळ्यापर्यंत पुरली. तोंडावर खापरी ठेवायची, आठवड्यातून एकदा भरायचे. बाकीच्या झाडांच्या आळ्यात पालापाचोळा आणि वर दगड. चैत्र-वैशाखात पाण्याचा टँकर महिन्यातून तीनदा. पहिले दोन उन्हाळे असे काढावे लागतात. तिसऱ्या उन्हाळ्यात झाड बहुधा आपल्या मुळावर उभे राहते.

तिसऱ्याच उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हाला मोठा फटका बसला. २०२१ च्या फेब्रुवारीत कोणीतरी शेजारच्या हद्दीतले गवत पेटवले. जाळल्याने पुढच्या वर्षी गवत जोमाने येते ही समजूत आमच्याकडे जुनी आहे. रात्री अकराला वणवा आमच्या बाजूला आला. सगळा गाव कडुनिंबाचे डहाळे घेऊन धावला. माझ्या पुतण्याचे दोन्ही तळवे भाजले, महिनाभर त्याला जमिनीवर पाय टेकता आला नाही. पहाटे आग विझली तेव्हा चारशेच्या आसपास झाडे गेली होती. दोन उन्हाळे मडक्याने पाणी पाजलेले करंजाचे झाड काळे पडून उभे असलेले बघणे काय असते, हे ज्याने पाजले त्यालाच माहीत. मदुराईत मी आयुष्यभर आगीसमोर बसलो. आगीची भीती मला पहिल्यांदा त्या रात्री वाटली.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. दर पौषात हद्दीवर वीस फूट रुंदीचे गवत कापून जाळपट्टा काढू लागलो. दुसरे म्हणजे पगारी राखणदार नेमला. खरे तर नेमली. गावातली एक भूमिहीन विधवा आक्का, जिची चार शेरडे पूर्वी त्याच घळीत चरायची. तिला सगळ्या वाटा ठाऊक आहेत, कोण कुठून शिरतो तेही ठाऊक. पगार दरमहा ६,००० रुपये, दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत. हे पैसे कोणत्याही योजनेतून आलेले नाहीत. मदुराई, कोईमतूर, कानपूर, कटक अशा ठिकाणी भट्टीवर बसलेली आमच्या गावची पोरे ते पाठवतात. पूर्वी ती यात्रेला वर्गणी पाठवायची, आता यात्रेलाही पाठवतात आणि राखणीलाही. आक्काने एका आषाढात मला सांगितले, "मामा, पयल्यांदा मला पगार म्हणून पैसे मिळालं. आतापर्यंत मजुरीच म्हणत होते."

गवताचा हिशेबही सांगितला पाहिजे, कारण राखण टिकली ती गवतामुळे. बंद केलेल्या सोळा एकरांत दसऱ्यानंतर गवत कमरेएवढे होते. ते चारायचे नाही, कापायचे. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराला पट्टा मिळतो. ज्यांच्या घरी एकच म्हैस आहे आणि जमीन नाही, त्यांचा पट्टा ओढ्याकडचा, दाट गवताचा, हा ठराव बायकांनी मांडला आणि करूनही घेतला. आक्काची शेरडे आता दावणीला आहेत आणि तिथेच गवत खातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये विकतचा कडबा आणावा लागणारी घरे आता थोडी राहिली आहेत. गेल्या दोन वर्षांपासून सीताफळेही येतात, बायका ती पाट्या भरून विट्याच्या बाजारात नेतात. झाडापासून लोकांचा फायदा म्हणजे नुसती सावली आणि शुद्ध हवा असे भाषणात सांगतात. आमच्याकडे तो फायदा म्हशीच्या गव्हाणीत दिसतो. म्हणून रात्री डोंगरावर बॅटरी दिसली तर पहिला फोन ज्याची म्हैस आहे तो करतो.

पाण्याबद्दल मी जपून लिहितो. घळीखालच्या विहिरीला आता महिना-दीड महिना जास्त पाणी राहते, पण त्यात चरांचा वाटा आहे, चांगल्या पावसाचा आहे, टेंभूच्या कालव्याच्या पाझराचाही असेल. सगळे श्रेय झाडांना देणार नाही. पण एक गोष्ट मी डोळ्याने बघितली आहे. २०१८ च्या पहिल्या वळवाला ओढ्याचे पाणी मी काचेच्या बाटलीत भरून ठेवले होते. चहासारखे लाल पाणी. ते निवळल्यावर तळाशी तीन बोटे गाळ बसला. तशीच बाटली त्याच जागेवरून २०२४ ला भरली. गाळ अर्ध्या बोटाहून कमी. दोन्ही बाटल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. ती तीन बोटे माती पूर्वी दर पावसाळ्यात आमच्या डोंगराची उतरून येरळेत आणि तिथून कृष्णेत जात होती. बोटभर मातीच्या डोंगरावर तीन बोटे गाळ म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आणि ते बुडखे. त्यांना आम्ही पाणी घातले नाही, खत घातले नाही. भोवतीचे जास्तीचे फुटवे काढून एक-दोन सरळ ठेवले, घाणेरी उपटली आणि शेरडे लांब ठेवली, एवढेच. आज त्यातले कित्येक पळस माझ्या डोक्यावर गेले आहेत. या माघात घळ केशरी झाली होती. बुलबुल आणि साळुंख्या त्यावर बसतात आणि त्यांनी टाकलेल्या बियांतून खाली बोरे आणि कडुनिंब उगवले आहेत. ते कोणी लावलेले नाहीत.

आता मूळ मुद्दा. १९५० साली क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून आपण दर जुलैत झाडे लावतो आहोत. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्ट नेहमी लावण्याचे असते आणि लावणे तर एका दिवसाचे काम. पैसे खड्ड्यांना आणि रोपांना मिळतात. मडके भरणाऱ्याला, जाळपट्टा काढणाऱ्याला आणि दुपारच्या उन्हात राखण करणाऱ्या आक्काला मिळत नाहीत. ती रक्कम आमच्या गावाला गलाईवाली पोरे देतात, पण ज्या गावाला अशी पोरे नाहीत त्यांनी काय करावे? जत तालुक्यातल्या गावांनी काय करावे? गावातल्या ठरावीक कुटुंबांना ठरावीक झाडे सांभाळायला द्यायची आणि त्याची मजुरी रोजगार हमीतून द्यायची, ही पद्धत 'बिहार पॅटर्न' या नावाने आपल्या राज्यातही आली आहे. ती कागदावरून डोंगरावर यावी. लागवडीच्या प्रत्येक रुपयाबरोबर तीन वर्षांच्या राखणीची तरतूद आधी दाखवावी, नाहीतर खड्डाच काढू नये. रोपे तालुक्यातल्या बचतगटांकडून घ्यावीत. आणि कोणत्याही माळावर पहिला खड्डा काढण्याआधी तिथे मेंढरे चारणाऱ्याला बरोबर घेऊन अर्धा दिवस फिरावे.

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड महामार्गात जाणार होता, तेव्हा २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांनी तो पोहोचवला आणि रस्ता बाजूने गेला. पुढे २०२२ मध्ये तो वड पडला, ते दुःख आहेच. पण वर्तमानपत्राने मनावर घेतले तर काय होते ते जिल्ह्याने त्यात पाहिले.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. यंदाच्या जुलैत लागवडीचे फोटो जरूर छापा. त्या प्रत्येक बातमीखाली जागेचे नाव आणि रोपांची संख्या नोंदवून ठेवा आणि पुढच्या वैशाखात आपला बातमीदार त्याच जागेवर पाठवा. आमच्या गावात शाळेची मुले दर अक्षय्य तृतीयेला, ऊन सगळ्यात कडक असते तेव्हा, डोंगरावर जाऊन मोजणी करतात. प्रत्येक जिवंत झाडाच्या बुंध्याला चुन्याचा ठिपका लावायचा आणि वहीत रेघ ओढायची. यंदाची वही माझ्यासमोर आहे. लावलेल्या १,४०० पैकी आणि वणव्यानंतर पुन्हा लावलेल्या ३५० पैकी मिळून १,१२६ जिवंत. बुडख्यांतून आलेली १८४, ती वेगळी. पुढच्या अक्षय्य तृतीयेची मोजणी झाली की दुसऱ्या दिवशी तो आकडाही आपल्याला कळवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त गलाई व्यावसायिक
ता. खानापूर, जि. सांगली